केव्हीएचा मोठा आकडा आणि अडकलेला कटर

महोदय,

ग्रिल, रेलिंग, पत्र्याची शेड अशी कामे जागेवर जाऊन करणारे माझ्यासारखे अनेक लहान व्यावसायिक ठाणे आणि नवी मुंबईत आहेत. वागळे इस्टेटमधील गाळ्यातून मी बावीस वर्षे हे काम करीत आहे. घोडबंदर रोडवरील किंवा उलव्यातील नव्या इमारतीत कामाला जावे, तर कधी मीटर बसायचा असतो. जुन्या सोसायटीत जावे, तर गच्चीवरचा प्लग वापरण्यास परवानगी मिळत नाही. त्यामुळे टेम्पोत हत्यारांबरोबर छोटा जनरेटरही ठेवावा लागतो. गेल्या आठवड्यात शेजारच्या गाळ्यातील एक तरुण अशाच एका जनरेटरचे पत्रक घेऊन माझ्याकडे आला. त्यावर ठळक अक्षरांत ‘3 केव्हीए’ (केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता मोजण्याचे माप) असे होते आणि त्याखाली, भिंगाने वाचावे लागेल इतक्या बारीक टायपात, ‘मॅक्स’. हे पत्र लिहिण्याचे कारण तो बारीक टाइपातला शब्द आहे.

मी स्वतः पहिला जनरेटर घेतला तो असाच, 2.5 केव्हीए हा आकडा पाहून. कासारवडवलीतील एका गच्चीवर त्याला लोखंडी पाइप कापण्याचा चौदा इंची कटर जोडला. मोकळा असेपर्यंत तो झकास फिरत होता. चाक पाइपला टेकताच इंजिनाचा आवाज घोगरा झाला, शेजारी लावलेला बल्ब पिवळा पडला आणि चाक पाइपातच अडकले. पाच-सहा वेळा तसेच रेटल्यावर कटरच्या मोटारीच्या आर्मेचरमधून (फिरणाऱ्या भागातून) जळका वास आला आणि त्या दिवसाची मजुरी त्याच्या रिवाइंडिंगमध्ये, म्हणजे तार नव्याने गुंडाळून घेण्यात गेली. संध्याकाळी जनरेटरच्या मागची पाटी प्रथमच वाचली : रेटेड 2.1 केव्हीए, पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) 0.8. दोन्हींचा गुणाकार 1.68 किलोवॅट होतो आणि कटरच्या पाटीवर 2200 वॅट लिहिले होते. दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. मी काही विचारलेच नव्हते.

‘मॅक्स’ म्हणजे इंजिनाने थोडा वेळ दम धरून दिलेली शक्ती, तर ‘रेटेड’ म्हणजे ते तासन्‌तास देऊ शकेल ती. काम रेटेडवर चालते. मॅक्सचा उपयोग यंत्र सुरू होताना होतो आणि तेथेही यंत्रायंत्रांत फरक आहे. ग्राइंडर, हॅमर ड्रिल, मार्बल कटर यांच्या कार्बन ब्रशच्या मोटारी सुरू होताना साधारण दुप्पट-तिप्पट करंट ओढतात, पण क्षणभरच. रंगकामाच्या कॉम्प्रेसरची इंडक्शन मोटार मात्र पाच ते सहा पट ओढते. त्यामुळे दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर चालू स्थितीत जेमतेम दीड-दोन किलोवॅट घेत असला, तरी तीन केव्हीएच्या जनरेटरवर तो बहुधा उठतच नाही. म्हणून यादीतील सगळ्या यंत्रांच्या वॅटची बेरीज करण्यापेक्षा, एका वेळी जी यंत्रे खरोखर चालतात त्यांची बेरीज करावी आणि त्यांतील सर्वांत अवघड यंत्राच्या सुरुवातीसाठी वेगळी जागा सोडावी. मिस्त्री वेल्डिंग करीत असताना मदतनीस त्याच बोर्डावर ग्राइंडर लावतो, हे गृहीतच धरलेले बरे.

वेल्डिंगचा हिशेब सर्वांत जास्त चुकतो. ‘200 अँपिअरचे इन्व्हर्टर मशीन आहे, किती केव्हीए लागेल?’ असा प्रश्न विचारला जातो. परंतु आपण त्या मशीनची कळ 200 वर कधी नेतो? बारा नंबरचा, म्हणजे बारीक वेल्डिंग रॉड 75 अँपिअरच्या आसपास जळतो. आर्कचे (रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या ठिणगीचे) सुमारे 23 व्होल्ट धरले तर 1.7 किलोवॅट होतात. मशीनमधील तूट धरून दोन किलोवॅट. आणि साध्या मशीनचा पॉवर फॅक्टर 0.7 च्या घरात असल्यामुळे जनरेटरवर पडणारा भार जवळजवळ तीन केव्हीए. याच रीतीने दहा नंबरच्या जाड रॉडला, 105 अँपिअरवर, सुमारे सव्वाचार केव्हीए लागतात. म्हणजे ग्रिलच्या बारीक कामाला रेटेड साडेतीन केव्हीए पुरेल, पण अँगल-चॅनेल जोडायचे असतील तर रेटेड पाचच्या खाली पाहूच नये. एवढा मोठा जनरेटर दोघांनाही जिन्याने चढवणे कठीण जाते. त्यामुळे तो खाली ठेवून केबल वर नेली जाते आणि पुढचे नुकसान तेथे होते. एक चौरस मिलिमीटरच्या तीस मीटर वायरीत 10 अँपिअरला सुमारे 11 व्होल्ट पडतात, अडीचच्या वायरीत साडेचार. जनरेटरवर पैसे खर्चून स्वस्त एक्स्टेन्शन घेणारे कमी नाहीत.

ज्यांचे काम ड्रिल, स्क्रू आणि अधूनमधून चार इंची ग्राइंडर एवढेच आहे, त्यांनी माझ्या मते जनरेटर घेऊच नये. 18 व्होल्टची बॅटरीवरील हत्यारे आणि एक जादा बॅटरी पुरे. बॅटऱ्या जागेवर चार्ज करायच्या असतील, तर लहान इन्व्हर्टर जनरेटर चांगला, कारण त्याचा व्होल्टेज स्थिर असतो आणि भार कमी असताना इंजिनही हळू फिरते. साध्या जनरेटरला 50 हर्ट्झसाठी मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे कायम ठेवावे लागतात, मग भार असो वा नसो. त्या मानाने आवाजही होतो आणि पेट्रोलही जाते.

पावसाळ्यात भिजू नये म्हणून जनरेटर स्टिल्टच्या (इमारतीखालच्या पार्किंगच्या) कोपऱ्यात, बेसमेंटमध्ये किंवा अर्धे शटर ओढलेल्या गाळ्यात चालवलेला मी अनेकदा पाहिला आहे. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि माणसाला उठून बाहेर जाण्याचीही शुद्ध राहत नाही. वर पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या, एवढाच आडोसा चालतो. दुसरे असे, की जनरेटरची वायर सोसायटीच्या किंवा घराच्या प्लगमध्ये खुपसून वीज उलटी सोडणे म्हणजे बाहेर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाशी खेळणे होय. शिवाय, अनेक छोट्या जनरेटरांत न्यूट्रल सांगाड्याशी जोडलेला नसतो. अशा वेळी बोर्डात आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारी कळ) बसवली म्हणून ती शॉक लागताच पडेलच असे नाही. हे जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावे, स्वतः जोडाजोडी करू नये.

जनरेटर विकणाऱ्यांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे, की पत्रकावर मॅक्सइतक्याच मोठ्या अक्षरांत रेटेड वॅट छापावेत, बिलावर ते लिहून द्यावेत आणि ग्राहकाने आणलेले यंत्र दुकानाबाहेर दहा मिनिटे भारावर चालवून दाखवावे. त्या तरुणाला मी माझा चौदा इंची कटर आणि दीड इंची पाइपचा एक तुकडा दिला आहे. शनिवारी तो दोन्ही घेऊन दुकानात जाणार आहे.

आपला,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक
वागळे इस्टेट, ठाणे