लेहमधल्या रव्याच्या केकविषयी

परभणी

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला केकचा फोटो मी तीन वेळा मोठा करून पाहिला. कडा तपकिरी होऊन वर चढल्या आहेत, मधला भाग मे महिन्यातल्या तळ्यासारखा खाली बसला आहे आणि खाली तू लिहिले आहेस की ‘माझा हात बिघडला’. हात बिघडलेला नाही. परभणी समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटरवर आहे आणि लेह साडेतीन हजारांवर. आपल्या घरचे माप तू दहापट उंचीवर नेलेस आणि त्यात चमच्याचाही फरक केला नाहीस.

एवढी वर्षे शाळेत मुलांना हवेचा दाब शिकवला, पण तो केकच्या डब्यात कधी शोधला नव्हता. तिथला दाब इथल्या सुमारे दोनतृतीयांश असल्यामुळे तेवढ्याच सोड्यातून निघालेला वायू दीडपट जागा मागतो; त्यामुळे रवा शिजून घट्ट होण्याआधीच केक फुगतो आणि आधार नसल्याने खाली बसतो. शिवाय पाणी तिथे 88 अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे आतला भाग सावकाश शिजतो आणि ओलावा मात्र भराभर उडतो. पाणी उडाले की उरलेल्या मिश्रणात साखर जड होते आणि केकला सावरू देत नाही. तुझ्या कडा डब्याला चिकटल्या त्या याच साखरेमुळे.

तेव्हा आजीचे माप असे बदल. दोन वाट्या बारीक रव्याला आपण दीड वाटी पिठीसाखर घेतो, ती तू सव्वा वाटी घे. बेकिंग पावडर एक चमच्याऐवजी अर्ध्या चमच्याहून थोडी कमी आणि खाण्याचा सोडा अर्ध्याऐवजी जेमतेम पाव चमचा घाल. सोड्याच्या बाबतीत हात सैल सोडू नकोस. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत केक हलका व्हावा म्हणून मी तो दुप्पट घातला होता आणि सगळ्या घराने साबणाची चव गुपचूप गिळली होती. दूध एक वाटीवर आणखी चार-पाच मोठे चमचे घे आणि रव्याला धरून ठेवायला दोन चमचे मैदा मिसळ. तूप अर्धी वाटीच राहू दे.

दही मात्र एक वाटी आणि आंबटच हवे, कारण आंबटपणामुळे मिश्रण लवकर धरते. इथे सकाळी विरजलेले दही दुपारपर्यंत आंबते. तिथल्या थंडीत भांडे रजईत गुंडाळून बुखारीच्या, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीच्या, उबेला रात्रभर ठेवावे लागेल. रवा आपण अर्धा तास भिजवतो. तिथल्या कोरड्या हवेत तो जास्त पाणी पितो, म्हणून तासभर भिजव आणि झाकण घट्ट ठेव. पावडर आणि सोडा अगदी शेवटी, ओव्हन तापल्यावरच घाल. फार फेटू नकोस आणि डबा अर्धाच भर.

आपला केक गंगाखेडहून आणलेल्या गोदावरीच्या वाळूवर, शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये होतो, त्यामुळे तापमानाचा आकडा मला कधी ठाऊक नव्हता. ओव्हनवर तू 180 अंश ठेवतेस, ते 190 कर, म्हणजे फुगणारा केक लवकर घट्ट होईल. नेहमीच्या वेळेच्या दहा मिनिटे आधीच सुरी घालून पाहा. त्याआधी दार उघडायचे नाही.

पहिल्या खेपेला अर्ध्याच मापाचा कर. तो जर अजूनही खाली बसला तर पुढच्या वेळी फक्त पावडर आणखी घटव, आणि कोरडा झाला तर फक्त दूध वाढव. दोन्ही एकदम बदललेस तर काय चुकले ते कळणार नाही. आणि या वेळी वरचा फोटो नको, मधोमध कापलेल्या तुकड्याचा पाठव, म्हणजे जाळी पाहून मला पुढचे सांगता येईल.

तुझी आई