मासा मेल्यावर मोजून काय उपयोग?

मा. संपादक,
स. न.

मी वेसाव्याची कोळीण. सगळी मुंबई आता वर्सोवा म्हणते, आमच्या तोंडात अजून वेसावेच आहे. अंधेरीच्या बाजूला एका मंडईत ३८ वर्षं मासळी विकते आहे. शाळा सातवीपर्यंत. मी सांगतेय आणि नात मोबाइलवर टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकीच्या माझ्या.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाटीत पापलेटं मांडली होती. पापलेटं आपली म्हणायची, तळहातावर मावतील एवढीच. एक मुलगी आली, पाठीला सॅक. भाव विचारला नाही, ताजी आहेत का विचारलं नाही. सॅकमधून कंपासपेटीतली सहा इंची पट्टी काढली आणि पापलेटाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत धरली. म्हणाली, "मावशी, हे बारा सेंटिमीटर आहे. साडेतेरा पाहिजे." शेजारची पाटीवाली ओरडली, "बाय, कापड घ्यायला आलीस का म्हावरं?" सगळ्या हसल्या. मीही तिला चार शब्द सुनावले आणि वाटेला लावलं. रात्री झोप लागेना. कारण ती पापलेटं घेताना पहाटे धक्क्यावर माझ्याही मनात तेच आलं होतं की ही घ्यायची नाहीत. आणि तरी घेतली.

दुसऱ्या दिवशी आमच्या मच्छीमार सोसायटीत जाऊन विचारलं, तेव्हा मुलगी बरोबर होती हे कळलं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीची कमीत कमी लांबी ठरवून दिली आहे. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. त्याच महिन्यात पापलेट राज्यमासा झाला. त्याचं कौतुक झालं, फोटो आले. पापलेटाच्या पिल्लांना कोणी ते सांगितलं नसावं, पुढच्या ऑगस्टात ती पुन्हा जाळ्यात होतीच. केरळने असा नियम २०१५ साली १४ जातींपासून सुरू केला आणि २०१७ मध्ये ५८ वर नेला. म्हणजे आपण काही जगावेगळं केलेलं नाही. आणि मी नियमाच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर कोळणीला फक्त धंदा दिसतो असं म्हणायला लोक टपलेलेच असतात.

मासळी साफ करून देताना रोज शेकडो पोटं माझ्या कोयत्याखाली उघडतात. मोठ्या पापलेटात गाबोळी सापडली की गिऱ्हाईक खूश होतं, बाजूला बांधून दे म्हणतं. पण तळहाताएवढ्या पापलेटात इतक्या वर्षांत मी एकदाही गाबोळी पाहिली नाही. आत काळं-राखाडी थोडंसं काहीतरी असतं, बस. एकदाही अंडी न घातलेलं ते पोर. तीन-चार महिने समुद्रात राहिलं असतं तर वजन वाढलं असतं, माझाही पैसा वाढला असता. हे कळायला मला पट्टी लागत नाही.

मग घेतली का? एक तर त्या पहाटे लिलावात दुसरं काही नव्हतंच. पावसाळी मासेमारीबंदीचे दोन महिने ताज्या मासळीची पाटी रिकामी, घरात शाळेची फी, आणि पहिल्या बोटी आल्या त्या हेच घेऊन. मी हात मागे घेतला असता तर मागे उभी असलेलीने बोली लावलीच असती. आणि एका केटररची ऑर्डर होती. त्याला पापलेट अख्खं हवं, बशीत बसेल असं, म्हणजे लहानच. मोठं कापून दिलं तर पाहुण्याला "पापलेट दिलं" असं वाटत नाही म्हणे. लग्नात फोटो पापलेटाचा निघतो, तुकड्याचा नाही.

आता मुद्द्याचं. पट्टी माझ्या पाटीवर येते तेव्हा मासा मरून पाच-सहा तास झालेले असतात. बारा सेंटिमीटर भरला म्हणून मला दंड केला, माझा माल उचलून नेला, तरी तो परत पोहायला लागणार नाही. मोजायचं असेल तर तो जिवंत असताना मोजा. आणि जिवंत मासा मोजणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे जाळ्याचा आस, जाळ्याच्या विणीतलं भोक. आस मोठा असला तर लहान मासा आपोआप निसटतो, कोणा साहेबाला पट्टी घेऊन उभं राहावं लागत नाही. पर्ससीन म्हणजे माशांच्या झुंडीला वेढा घालून खालून आवळायचं मोठं जाळं, त्याचा आस २५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा असं सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात म्हटलेलंच आहे. म्हणजे सरकारला हे ठाऊक नाही असं नाही.

इथे माझ्याच माणसांना न आवडणारं एक बोलते. आमच्या घरची डोल होती, नवरा गेल्यावर होडी विकली. डोल कशी असते हे शहरातल्या वाचकांना ठाऊक नसेल. मोठ्या पिशवीसारखं जाळं, ते समुद्रात खुंटांना बांधून ठेवायचं, तोंड प्रवाहाकडे. पाणी फिरलं की मासा पाण्याबरोबर आपोआप आत येतो आणि शेवटच्या टोकाला साठत जातो, त्या टोकाला आम्ही खोला म्हणतो. आम्ही कोणाचा पाठलाग करत नाही, बोंबील आपल्या पायाने येतो असं आमचे जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, म्हणायचे. (बोंबलाला पाय कुठले, पण असो.) पण त्याच खोल्याचा आस जवळा, म्हणजे अगदी बारकी कोळंबी, धरण्याइतका बारीक असला की त्यात जवळ्याबरोबर सगळ्यांचीच पोरं येतात. बोंबील, मांदेली, वाकटी, कधी पापलेटही. आणि खोला वर ओढेपर्यंत दाबाने, गर्दीने ती मेलेली असतात. ती समुद्रात फेकली तरी घारींचंच पोट भरतं. डोलवाल्याला "१८० मिलिमीटरखालचा बोंबील धरू नकोस" म्हणणं म्हणजे पावसाला फक्त छत्रीवाल्यांवर पड म्हणण्यासारखं आहे. त्याला "खोल्याचा आस एवढा ठेव, आणि पिल्लांच्या दिवसांत जवळ्याची डोल लावू नकोस" असं सांगा. ते तो समजू शकतो आणि पाळूही शकतो. आम्ही पारंपरिक म्हणून आमच्या जाळ्याला हात लावू नका, असं म्हणणारे आमच्यात आहेत. मी त्यातली नाही. पर्ससीनवाल्यांकडे बोट दाखवताना आपला खोला लपवायचा नसतो.

लहान बोंबलांचा हिशेब मला सुक्यात जास्त दिसतो. सध्या बंदी आहे, पाटीत सुकंच आहे. वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबू-दोऱ्यांच्या मांडवावर, बोंबील घालताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि जोडी दोरीवर टांगतात. सासूने मला लग्नानंतर पहिली ही कला शिकवली, दात बोटाला लागून रक्त यायचं. आता पुष्कळदा असे बोंबील येतात की अडकवायला जबडाच पुरत नाही. ते खाली पसरून वाळवावे लागतात आणि वाळल्यावर बोटाएवढे उरतात. गिऱ्हाईक विचारतं, "मावशी, हे बोंबील की काड्या?"

मासा जिवंत असताना धरता येण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. पूर्वी आमच्याकडे पावसाळी बंदी १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल तोपर्यंत असायची. दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी बाहेर काढायची नाही, हे कायद्याच्या आधीपासून चालत आलेलं. आता यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बंदी. १ ऑगस्टला बोटी सुटतात, नारळी पौर्णिमा बऱ्याच वर्षी त्यानंतर येते. आणि पापलेटाची पिल्लं नेमकी त्या पहिल्या पंधरवड्यात किनाऱ्याजवळ झुंडीने असतात. बंदी १५ ऑगस्टपर्यंत न्या, अशी मागणी मच्छीमारांच्या संघटनाच करत आल्या आहेत. पोटावर पाय येतो म्हणून कोळी बंदीच्या विरुद्ध असतो, अशी समजूत असेल तर ती काढून टाका. आम्हीच वाढवा म्हणतोय. पण एकट्या महाराष्ट्राने वाढवून भागणार नाही, शेजारच्या राज्यांच्या बोटी १ ऑगस्टला सुटल्या तर आमची माणसं किनाऱ्यावर बसून बघत राहणार. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, त्यापुढे केंद्राचा. पापलेटाला ही रेघ दिसत नाही. ही बोलणी मंत्रालयाने करायची आहेत, माझ्या पाटीवर पट्टी ठेवून ती होणार नाहीत.

कायद्याला दात नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम २०२१ मध्ये सुधारला. एलईडी दिवे लावून मासेमारी केली तर दंड ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत. कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आले, हेही चांगलंच झालं. ज्याला समुद्र कळतो त्याच्याकडे फाईल गेली. रात्री दिवा लावून समुद्राचं पाणी दुपारसारखं करणाऱ्याला २० लाख दंड लावा, माझी हरकत नाही, जमलं तर माझ्यासमोर लावा.

पण दंड हा एकच मार्ग आहे असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण कासव. माझ्या भावाच्या जाळ्यात पूर्वी कासव आलं की भावाची पंचाईत व्हायची. कासव आमच्यात मारत नाहीत, ते देवाचं. पण सोडवायला जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे हजारो रुपये. २०१८ च्या डिसेंबरात सरकारने योजना आणली की संरक्षित सागरी प्राणी सोडवताना जाळं कापलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. फोटो काढायचा, अर्ज करायचा. भाऊ आता जाळं कापताना आधी फोन काढतो. वन्यजीव कायदा तर १९७२ पासून आहे, पण जाळं कापण्याचा खर्च कोण देणार याचं उत्तर भावाला मिळालं तेव्हा कायदा त्याच्या होडीवर पोहोचला. खोल्याचा आस बदलायलाही पैसे लागतात. जुना खोला जमा करा, नवा घेऊन जा, अर्धे पैसे सरकारचे, असं काही करून पाहायला काय हरकत आहे?

सून माझ्याशी भांडते. ती म्हणते, "आई, कोणी विकलंच नाही तर कोणी पकडणार नाही, सुरुवात आपल्या पाटीपासून करा." तिचं अगदीच चूक नाही. त्या केटररला मी या वर्षी नाही सांगितलंय. त्याने दुसरी पाटीवाली गाठली, हेही कळलं. म्हणून म्हणते, मोजायचंच तर धक्क्यावर, लिलावाच्या आधी मोजा. एका बोटीत शेकडो किलो असतात, माझ्या पाटीत पाच. आणि हॉटेलांच्या, केटररच्या फ्रीजमध्ये मोजा. तिथे वीज आहे, उजेड आहे, उभं राहायला कोरडी जागाही आहे.

तुमच्या पेपरला एक विनंती आहे. ती ५४ जातींची यादी एक दिवस पानभर छापा. प्रत्येक माशाचं चित्र, आमच्याकडे चालतं ते नाव, आणि शेजारी त्याच्या खऱ्या मापाची रेघ, म्हणजे पानावर मासा ठेवला की कळलं पाहिजे. सुरमईची रेघ पानाच्या रुंदीत मावली नाही तर ती उभी छापा. मंडईत आमच्या रांगेत बावीस जणी आहेत. बंदी उठायच्या आधी पान आलं तर मी बावीस अंक विकत घेईन आणि भिंतीला लावीन. एरवी पेपर आमच्याकडे बोंबील बांधायला लागतो, पण हे पान मी कोणाला बांधू देणार नाही.

आपली,
एक मासळी विक्रेती,
वेसावे, मुंबई