आई-बाबा, हा एक कागद राहिलाय

पुणे,
रविवार

ति. आई-बाबांस,
शि. सा. न.

परवा फोनवर मी शेवटच्या आजारपणात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवायचा विषय काढला आणि आई, तू "तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नकोस" म्हणत फोन बाबांच्या हातात दिलास. बाबा म्हणाले, "मृत्युपत्र झालंय, मुखत्यारपत्र दादाच्या नावे आहे, आता आणखी काय?" मग आपण विहिरीवरच्या मोटारीबद्दल बोलत बसलो. फोनवर मला रडू येतं आणि मुद्दा राहून जातो, म्हणून हे पत्र.

अक्काआत्याचे ते सतरा दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. कर्करोग यकृतापर्यंत गेलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी रात्री दीड वाजता आयसीयूच्या दारात फॉर्म पुढे आला, व्हेंटिलेटर लावायचा का, लगेच सांगा. तिचा एक मुलगा विमानात, दुसरा भिंतीला टेकून नुसता उभा. बाबा, सही तुम्ही केलीत. त्या घडीला कोणीही तेच केलं असतं. पण अकराव्या दिवशी मी आत गेले तर तिचे दोन्ही हात पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधलेले, ती नळी ओढायची म्हणून. बांगड्या कापून काढलेल्या, मनगटावर त्यांचा पांढरा वळ तेवढा उरलेला. मी पट्टी जरा सैल केली तर तिने माझं बोट धरलं, ते सोडेचना. तिला काय हवंय हे आपल्यापैकी एकालाही सांगता येत नव्हतं, कारण उभ्या जन्मात तिला कोणी ते विचारलंच नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी बाबा, तुम्ही दादाला हळूच विचारलंत, "मी नाही म्हणायला हवं होतं का रे?" मी स्वयंपाकघरात होते, ऐकलं. तो प्रश्न तुम्ही अजून एकटे वागवताय. उद्या तोच माझ्या आणि दादाच्या वाट्याला येऊ नये, एवढंच माझं मागणं आहे. तुमच्या वतीने आम्ही ठरवायचं नाहीये. तुम्ही ठरवलेलं आम्हाला ठामपणे सांगता यायला हवं.

बाबा, मृत्युपत्र माणूस गेल्यावर कामाला येतं. आणि मुखत्यारपत्राचं म्हणाल तर १८७२ च्या करार कायद्याचं २०१ वं कलम बघा. देणाऱ्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही की दिलेला अधिकार संपतो. म्हणजे दादाला तुमच्यासाठी बोलायची खरी वेळ येईल, नेमका तेव्हाच तो कागद निकामी. त्या वेळेसाठी वेगळं वैद्यकीय इच्छापत्र करावं लागतं, ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला त्याला मान्यता दिली, सन्मानाने मरणं हे राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातच येतं असं म्हणून. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सही करायची जाचक अट होती. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होतं. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची एकाहून जास्त नावं घालता येतात. माझं आणि दादाचं, दोघांचंही घाला; तो तिकडे कॅनडात, रात्री-अपरात्री धावायला मीच असणार. एक प्रत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक नगरपरिषदेत द्यायची.

आई, तुझी भीती मला कळते. असं काही लिहून दिलं की डॉक्टर हात झटकतील, असं तुला वाटतं. तसं नाही गं. तू शुद्धीवर आहेस, बोलू शकतेस, तोवर तुझाच शब्द. त्या कागदाकडे कोणी बघतसुद्धा नाही. न्यूमोनिया होऊन चार दिवस व्हेंटिलेटर लागला आणि बरं व्हायची आशा असली, तर तो लावायचाच. कागद उघडतो तो आजार बरा होण्याच्या पलीकडे गेल्यावर. तेव्हाही एकट्या डॉक्टरांचं चालत नाही. आधी रुग्णालयाचं मंडळ, मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले डॉक्टर, असं दोनदा तपासलं जातं. वेदना कमी करायचं औषध तर शेवटपर्यंत द्यायचंच असतं. आणि मन बदललं तर कधीही लेखी देऊन तो रद्द करता येतो.

तुला आठवतं, मे २०१५ मध्ये अरुणा शानबाग गेल्याची बातमी आली? केईएममध्ये बेचाळीस वर्षं अंथरुणावर. तिथल्या परिचारिकांनी तिला पोटच्या पोरीसारखं जपलं, हे वाचताना तुझा आवाज भरून आला होता. मग पेपर घडी करून तू हात जोडलेस आणि म्हणालीस, "सुटली बिचारी." त्या एका शब्दात तुझं मत होतं, आई. तेच मला तुझ्या हस्ताक्षरात हवंय.

२०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी अंगणात शिरलं तेव्हा बाबा, तुम्ही आधी कागदांची पत्र्याची पेटी माळ्यावर चढवलीत. सातबारा, विम्याच्या पॉलिसी, सगळं कोरडं राहिलं. हा कागदही त्याच पेटीत ठेवू, अगदी वर.

पुढच्या शनिवारी मी चिपळूणला येतेय. नोटरींशी बोलले आहे, शेजारचे काका-काकू साक्षीला तयार आहेत. तोवर दोघांनी एवढं लिहून ठेवा: नाकातल्या नळीने अन्न चालेल का, बंद पडलेलं हृदय छाती दाबून पुन्हा चालू करायचं का, डायलिसिस कुठवर, आणि शेवटी दवाखान्यात राहायचं की घरी, ओटीवरच्या खोलीत. सुचेल तसं लिहा, कायद्याची भाषा वकील घालतील.

आणि आई, तू वेगळ्या कागदावर लिही. बाबांचं बघून लिहू नकोस.

तुमची,
लेक