टायरवर नक्षी आहे म्हणून गाडी ट्रॅकवर नेऊ नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तुमची रविवारची पुरवणी मी इथे न्यू जर्सीत फोनवर वाचतो, तिकडे तुमचा दुपारचा चहा होत आलेला असतो तेव्हा माझा सकाळचा चालू असतो. गेल्या रविवारी जुन्या स्पोर्ट्स कारवर पानभर लेख आला, फोटो एकदम झकास, वाचताना मजा आली, पण शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं तिथे मी कप खाली ठेवला. वाक्य साधारण असं होतं की बरीच वर्षं उभी असलेली गाडी असेल तर बॅटरी बदला, ताजं पेट्रोल भरा आणि टायरची नक्षी शाबूत असेल तर हौशी ट्रॅक डेला (म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवून बघायच्या दिवसाला) खुशाल न्या. हे खुशालच काय, मुळीच नेऊ नका. लेख लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही, मीही पाच-सहा वर्षांपूर्वी हेच समजत होतो, म्हणून तर लिहितोय.

माझी गाडी माझदा मियाटा, 1992 चं मॉडेल, लाल. दोन सीटची, कापडी टपाची, इंजिन फक्त 1.6 लिटर, घोडे (हॉर्सपॉवर) 116. शिकागोच्या ऑटो शोमध्ये 1989 साली ही पहिल्यांदा दिसली तेव्हापासून इथल्या हौशी रेसिंगवाल्यांची ती लाडकी आहे, कारण वजन हजार किलोच्या आतच, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, आणि पार्ट कुठेही मिळतात. मी 2021 च्या मार्चमध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या एका आजोबांकडून घेतली. 2010 पासून त्यांच्या गॅरेजमध्ये एकाच जागी उभी, वर चादर, चादरीवर नाताळची खोकी. टायर बघितले तर नक्षी नव्यासारखी, मी मनात म्हटलं चला चार टायरचे पैसे वाचले. ते पुढे सांगतो.

मी मूळचा कोल्हापूरचा, काकांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं, शाळेच्या सुट्टीत मी तिथे पाने पुसायला असायचो. नंतर कॉम्प्युटरमध्ये गेलो आणि हात पांढरे झाले. तर गाडी ट्रेलरवरून घरी आली, मी लगेच नवी बॅटरी लावायला घेतली आणि काकांना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल केला, कौतुक करून घ्यायला म्हणून. काका बघतात आणि पहिलं वाक्य काय, "सेल मारू नकोस लेका, आधी हातानं फिरवून बघ." गाडी चालून नाही, उभी राहून खराब होते हे त्यांचं नेहमीचंच, पण त्या दिवशी मला ते खरंच ऐकायची गरज होती.

मग सगळं उलट्या बाजूनं सुरू केलं. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदरानं घर केलेलं, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं मूठभर आणि सीटखालचा फोम कुरतडून केलेली गादी. सेल मारला असता तर त्यातलं थोडंफार इंजिननं नक्कीच ओढलं असतं. चारही स्पार्क प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडंसं ऑइल सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बोल्टवर 21 चा गोटी पाना लावून हळूहळू फिरवलं. फिरलं! दोन फेऱ्या पूर्ण, कुठे अडकलं नाही. तिथेच पुलीच्या मधल्या भागावरच्या खाचा मोजून घेतल्या, कारण या गाडीच्या सुरुवातीच्या इंजिनात क्रँकचं टोक आखूड असायचं आणि तिथली चावी (पुली जागेवर धरणारा लोखंडी तुकडा) सैल होऊन क्रँक खराब होण्याचा रोग होता, चार खाचा म्हणजे आखूड आणि आठ म्हणजे सुधारलेलं. माझ्या आठ. त्या दिवशी बायकोला बोलावून खाचा दाखवल्या, तिनं "बरं" म्हटलं.

मग ऑइल बदललं, प्लग बाहेर ठेवूनच आणि पेट्रोल बंद करून सेल मारला, का तर पेट घ्यायच्या आधी ऑइल वरपर्यंत चढलं पाहिजे. या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा खरा आहे, 1995 पासून कंपनीनं तो नुसता नावाला ठेवला, प्रेशर असेल तर मध्ये नसेल तर खाली, बस. माझा काटा हलला तेव्हा कुठे प्लग लावले.

पेट्रोलचं लेखात बरोबर आहे पण अर्धवट आहे. जुन्यावर ताजं ओतायचं नाही, जुनं सगळं काढायचं. माझ्या टाकीतून निघालं त्याला वार्निशसारखा वास आणि रंग कोऱ्या चहाचा. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, तिकडे तर आता वीसपर्यंत गेलंय, आणि इथेनॉल पाणी धरतं, बरेच महिने टाकी अर्धी राहिली तर ते पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, पंप नेमका तळातूनच ओढतो. टायमिंग बेल्टचंही (इंजिनातले व्हॉल्व्ह चालवणारा पट्टा) तसंच, किती किलोमीटर झाले विचारू नका, वय विचारा. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत हे नशीब, पण ट्रॅकच्या मधोमध गाडी बंद पडली आणि मागून सहा गाड्या येतायत तर ते नशीब काय कामाचं. रेडिएटरच्या वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल तर तोही गेला समजा, कधी फुटेल एवढाच प्रश्न.

एवढं होऊन इंजिन सुरू झालं, वरून थोडं टकटक वाजलं, आठवडाभरानं कमी झालं, आणि मी हवेत. पुढचे दिवे उघडझाप करणारे आहेत, त्यातला डावा उघडेना, म्हणजे गाडी कायम डोळा मारतेय. सगळ्या मित्रांचा पहिला प्रश्न, टर्बो कधी बसवतोस. दुसरा प्रश्न, सायलेन्सर कुठला टाकणार. ब्रेकचं एकानंही विचारलं नाही, आणि मला सांगायचंय ते नेमकं हेच आहे साहेब, की उभ्या राहिलेल्या गाडीत पळण्याचं काम सोपं असतं, थांबण्याचं अवघड असतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, गाडी एक मैल न चालताही शोषतं. डॉट 4 या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान 230 डिग्रीपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे, आणि पाणी मुरलेल्यासाठी तेच प्रमाण 155 पर्यंत खाली येतं. रस्त्यावर तुम्हाला फरक कळणार नाही, दूध आणायला जाऊन याल. ट्रॅकवर लांब सरळ रस्त्याच्या शेवटी दर दीड-दोन मिनिटांनी पूर्ण ताकदीनं ब्रेक मारता तेव्हा कॅलिपर (चाकापाशी ब्रेक दाबून धरणारे जबडे) एवढे तापतात की ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते पण ब्रेक दाबत नाही, पेडल सरळ फळीला. मी मास्टर सिलिंडरचं, म्हणजे ब्रेक ऑइल भरतात तिथलं, झाकण उघडलं तर आत कॉफीच होती. ते काढलं, नवं भरलं, बायकोला पेडलवर बसवून चारही चाकांची एअर काढली ("दाब, धर, सोड" असा संवाद आमच्या लग्नात पहिल्यांदाच एवढा सुरळीत झाला) आणि खूश झालो.

पण ब्रेकचे रबरी पाइप जुनेच ठेवले. बाहेरून छान दिसत होते, तडा नाही, गळती नाही. आठवडाभरानं गावातच चालवत होतो, गाडी थोडी उजवीकडे ओढायला लागली, घरी येऊन उतरलो तर करपल्याचा वास, आणि पुढच्या उजव्या चाकाजवळ हात नेववेना. पाइप आतून सुजून त्याची साल सुटलेली, ऑइल दाबानं कॅलिपरकडे जातं पण परत यायला वाटच नाही, म्हणजे ब्रेक थोडा लागलेलाच राहतो. तो पाइप मी नंतर मधोमध कापून बघितला, आतलं भोक टाचणी जाईल एवढं. मग चारही पाइप, पुढचे कॅलिपर, मागच्या कॅलिपरच्या जाम झालेल्या पिन, हँडब्रेकची केबल, आणि हात लागलाच आहे तर क्लचचा खालचा सिलिंडर पण, तो तर या गाडीत गळायलाच बसलेला असतो. पॅडही ट्रॅकचे वेगळे घेतले, थंड असताना किंचाळतात, शेजारचे कुत्रे भुंकतात, काय करणार.

आता टायर, ज्याच्यासाठी हे पत्र. टायरच्या बाजूच्या भिंतीवर इंग्रजीत DOT असं लिहिलेलं असतं (ब्रेक ऑइलचा डॉट 4 नव्हे), त्याच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2000 च्या आधीच्या टायरवर तीनच आकडे असायचे, तसे दिसले तर टायर तिथेच सोडून द्या. पूर्ण कोड कधीकधी एकाच बाजूला असतो आणि ती बाजू हमखास आत बसवलेली असते, म्हणजे गाडीखाली आडवं होऊन टॉर्च मारून बघायचं. मी ते आधी केलंच नाही. नक्षी बघितली, अंगठा फिरवला, झालं. आणि तसाच ऑटोक्रॉसला गेलो, मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून एकेकट्यानं वेळ लावायची असते, वेग काही फार नसतो. पाऊस भुरभुरत होता. दुसऱ्या वळणाला गाडी अशी फिरली की मी ज्या बाजूनं आलो तिकडेच तोंड करून उभा, तीन शंकू गाडीखाली, आणि ज्यांच्या हातात झेंडा होता त्या बाई शांतपणे चालत आल्या, वाकल्या, टायर बघितला आणि विचारलं, याचं वय काय? आम्ही दोघांनी मिळून वाचलं, 2306. म्हणजे 2006 सालचा तेविसावा आठवडा, पंधरा वर्षांचा टायर. रबर नुसतं उभं राहून कडक होतं, नक्षीच्या खोलीचा त्याच्याशी काही संबंध नाही, उलट जुन्या टायरवर भरपूर नक्षी म्हणजे तो फक्त बसून म्हातारा झालाय. तिथे मोकळं मैदान होतं म्हणून शंकूंवर भागलं. ट्रॅकवर शंभर मैलांच्या वेगाला असा टायर तापून त्याची साल सुटू शकते, मग पुढे भिंत आहे की माती आहे एवढंच बघायचं राहतं.

त्या वर्षी ट्रॅकचं नाव काढलं नाही. 2022 च्या उन्हाळ्यात मिलव्हिलला गेलो, न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क, 2008 ला सुरू झालेलं, तिथे दोन ट्रॅक आहेत, माझा दिवस त्यातल्या लहान ट्रॅकवर, लाइटनिंगवर होता, 1.9 मैलांचा. आणि गेटपाशी तपासणीतच अडकलो! उघड्या गाडीला रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान) लागतो, तो मी बसवलेला, पण तपासणारे गृहस्थ चक्क झाडूचा दांडा घेऊन आले. दांडा रोल बारच्या वरून समोरच्या काचेच्या वरच्या कडेवर आडवा ठेवतात, तुम्ही हेल्मेट घालून बसायचं, डोकं दांड्याला लागलं की नापास. मी पाच फूट अकरा. लागलं. सगळी ब्रेक, टायर, इंजिनची तयारी आणि नापास कशावर तर झाडूवर. मग शेजारच्या मियाटावाल्यानं ब्रेड कापायची सुरी दिली, सीटचं कव्हर उसवून खालचा फोम दोन इंच कापला, हा इथला जुना आणि सर्वमान्य उपाय आहे, आणि दुसऱ्या सत्रापासून आत गेलो. हेल्मेटही मोटरसायकलचं चालत नाही, एसए शिक्क्याचं लागतं, कारण त्याची आगीची आणि रोल बारवर आदळायची वेगळी चाचणी असते.

त्या दिवसाला रेस म्हणत नाहीत हेही लेखात स्पष्ट करायला हवं होतं. शेजारी इन्स्ट्रक्टर बसतो, ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ भागात आणि तेही पुढच्यानं खिडकीतून हात दाखवला तरच. तिथे बल्बच्या आकाराचं एक लांबलचक वळण आहे, सगळे त्याला लाइटबल्बच म्हणतात, त्यात मला इन्स्ट्रक्टर दहा वेळा एकच सांगत होते, थांब, अजून थांब, आता. 116 घोडे मला त्या दिवशी पुरून उरले. खऱ्या रेससाठी गाडीच्या आत वेल्ड केलेला लोखंडी पाइपांचा पूर्ण पिंजरा, स्पर्धेचं लायसन्स आणि बाकी बरंच लागतं, स्पेक मियाटा म्हणून क्लासच आहे, सगळ्यांची गाडी जवळपास सारखी, मग घोडे विकत घेऊन जिंकता येत नाही. तिकडे जायचा विचार आहे, पिंजऱ्याचं कोटेशन बघून सध्या विचारच आहे. आणि हो, रोजच्या गाडीच्या बहुतेक इन्शुरन्स पॉलिसी ट्रॅकवर झालेलं नुकसान भरत नाहीत, निघायच्या आधी बारीक अक्षर वाचा.

तुम्ही म्हणाल हे अमेरिकेचं पुराण कोल्हापूर-पुण्याच्या वाचकाला कशाला. पण आपली मुलं पण गाड्या ट्रेलरवर टाकून चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेला जातायत, आणि आपल्याकडे वडिलांची, मामाची गाडी शेडमध्ये दहा-दहा वर्षं उभी असते, दसऱ्याला हार घालतात तेवढंच. त्यातल्या एखाद्यानं तुमचा लेख कापून ठेवला असेल तर? टायरवरचे आठवड्याचे आणि वर्षाचे आकडे तिकडच्या टायरवरही असतात, वाचायला कुठली शाळा लागत नाही.

म्हणून विनंती, पुढच्या रविवारी त्याच पानावर चार ओळींची दुरुस्ती छापा. नक्षी नाही, तारीख बघा, आणि ब्रेकचं ऑइल आणि रबरी पाइप बदलल्याशिवाय जाऊ नका एवढं आलं तरी पुरे, माझं पत्र कापलंत तरी चालेल, झाडूचा भाग मात्र ठेवा. काका अजून कागदाचाच अंक घेतात, त्यांना मी कळवून ठेवलंय. सोबत टायरचा फोटो जोडलाय, 2306 स्वच्छ वाचता येतंय. तो टायर अजून माझ्या गॅरेजच्या दारात आडवा पडलेला आहे, मुलीनं त्यात पुदिना लावलाय.

आपला एक जुना वाचक,
एडिसन, न्यू जर्सी (मूळ मुक्काम कोल्हापूर)