मंत्रिमहोदय, प्रशिक्षण स्थगित केलंत, म्हातारपण स्थगित होत नाही

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

मी मुंबईत पीएचडी करते. म्हातारपणातले आजार बाईच्या आणि पुरुषाच्या शरीरात वेगळ्या वाटेनं का जातात, हा माझा विषय. आपल्या खात्याच्या निधीवर चालणाऱ्या एका संस्थेनं याच विषयावर तरुण संशोधकांसाठी प्रशिक्षण जाहीर केलं होतं. पत्रकात 'दरवर्षी' असा शब्द होता. माझी निवड झाली, आईनं चाळीत पेढे वाटले. आणि गेल्या आठवड्यात दोन ओळींचा ईमेल आला: अपरिहार्य प्रशासकीय कारणास्तव कार्यक्रम पुढील आदेशापर्यंत स्थगित. खाली सही नाही, फोन नंबर नाही. माझ्याबरोबर निवड झालेल्या गुवाहाटीच्या मुलीनं तिकीट काढून ठेवलं होतं. तिचे पैसे बुडाले, त्याबद्दल त्या ईमेलमध्ये एक शब्द नाही.

प्रशासकीय कारण नेमकं कोणतं, हे आपण आम्हाला सांगावं, ही माझी पहिली विनंती.

आपल्याला वाटेल, एक शिबिर रद्द झालं तर एवढं काय? म्हणून उदाहरण देते. झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झाली. बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश उतरतं, सकाळी उठल्यावरही रक्तात बरंच शिल्लक असतं. तरीही वीस वर्षं बाईला आणि पुरुषाला डोस एकच. २०१३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं बायकांचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला लावला. तिथल्याच सरकारी लेखापरीक्षकांनी २००१ मध्ये मांडलेला हिशेब असा, की १९९७ पासून बाजारातून परत घेतलेल्या १० औषधांपैकी ८ बायकांसाठी जास्त धोक्याची होती. एक कारण उघड आहे. तिथे १९७७ पासून मूल होऊ शकेल अशा बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेरच ठेवलं होतं. तिथल्याच १९९३ च्या कायद्यानं सरकारी पैशांवरच्या चाचण्यांत बायका घेणं बंधनकारक केलं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत नर-मादी दोघांचा विचार करा, हे सांगायला २०१६ उजाडलं. तोवर मेंदूविज्ञानात मादीवरच्या प्रत्येक प्रयोगामागे फक्त नरांवरचे साडेपाच प्रयोग चालले होते. सबब काय, तर मादीचं हार्मोनचं चक्र असतं, त्यानं आकडे हलतात. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंध तपासून पाहिले, तेव्हा माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त हलत नव्हते.

माझी आत्या लालबागला राहते. नवरा गेल्यावर तिला झोप येईना, म्हणून एका डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. कोणती, किती, सत्तरीच्या बाईला ती किती चढेल, यावर कुणी बोललं नाही. रात्री संडासला जायला ती उठली. गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास, मधला बल्ब गेलेला. पडली, खुब्याचं हाड मोडलं. गोळीमुळेच पडली असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण कुणी विचारलंही नाही! 'वय झालं, हाडं ठिसूळ झाली' एवढंच ऐकवलं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं आणि हाडांची झीज वेगानं होते, आपल्याकडच्या बायकांची पाळी पाश्चात्त्य बायकांपेक्षा काही वर्षं आधीच जाते, हे तिला कुणी पन्नाशीत सांगितलं असतं तर? आता ती वॉकर धरून चालते, आणि जिना उतरायचा तर दोन माणसं लागतात.

आणि हा फक्त बायकांचा विषय आहे असं समजू नका. पार्किन्सन पुरुषांना जास्त होतो. २०१६-२० च्या आकड्यांप्रमाणे आपल्याकडे पुरुषाचं सरासरी आयुर्मान ६८.६ आणि बाईचं ७१.४ वर्षं. पुरुष आधी का जातात आणि बायका जास्त जगून जास्त दुखणी का सोसतात, हे दोन्ही प्रश्न एकाच अभ्यासाचे आहेत.

हा अभ्यास शिकावा लागतो, महोदय. तक्त्यात 'स्त्री-पुरुष' असा एक रकाना वाढवला की झालं, असं नसतं. एखाद्या औषधानं पुरुषांत फरक दिसला, बायकांत दिसला नाही, म्हणजे दोघं वेगळे, हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि भलेभले तो छापतात. दोन्ही गटांतल्या फरकांची थेट तुलना करावी लागते, त्यासाठी नमुना मोठा लागतो. प्रयोगशाळेत उंदरांची एक खास जात वापरतात. तिच्यात नर घडवणारा एसआरवाय जनुक वाय गुणसूत्रावरून काढून दुसरीकडे बसवलेला असतो. त्यामुळे अंडाशय असलेले एक्स-वाय आणि वृषण असलेले एक्स-एक्स उंदीरही मिळतात, आणि फरक हार्मोनमुळे की गुणसूत्रांमुळे, हे वेगळं काढता येतं. मादी चक्राच्या चारपैकी कोणत्या टप्प्यावर आहे हे स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशींचा नमुना घेऊन, त्या पेशी ओळखून ठरवायचं असतं. पुस्तक वाचून ते जमत नाही, शेजारी बसून कुणीतरी दाखवावं लागतं. आमच्या लॅबमध्ये ते येणारी एकच सीनियर होती. ती जर्मनीला गेली.

म्हाताऱ्या उंदरांवर काम करायचं तर उंदीर म्हातारे व्हावे लागतात. त्याला दोन वर्षं जातात, आणि आमच्या प्रकल्पाचा हप्ता वर्षावर्षानं, तोही उशिरा येतो. माझ्या माद्या आता वीस महिन्यांच्या आहेत. जे तंत्र मी या प्रशिक्षणात शिकणार होते, ते त्यांच्यासाठीच होतं. तुमच्या 'पुढील आदेशापर्यंत' त्या जगणार नाहीत. गेल्या आठवड्यात दोन गेल्या. पुन्हा सुरुवात करायची तर माझी फेलोशिप संपेल.

फेलोशिपचंही सांगते. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधकांची फेलोशिप, महिना ३७,००० रुपये झाली, त्याच्या जाहिराती झाल्या. कागदावरचे ते पैसे आमच्या खात्यात महिनोन्‌महिने येत नाहीत. डोंबिवलीची खोली तिघींत आहे. माझ्या वाट्याचं भाडं सध्या धाकटा भाऊ देतो. तो ऐरोलीत रात्रपाळी करतो. लग्नाच्या वयाची, तिशीकडे झुकलेली, एवढी शिकलेली बहीण त्याच्याकडे हात पसरते, हे तुमच्या कोणत्या अहवालात येतं? पैसे कधी येतील विचारलं की उत्तर ठरलेलं: यूसी, म्हणजे आधीचा निधी खर्च झाल्याचा दाखला, वर गेलं नाही. वर म्हणजे कुठे, हे कुणीच सांगत नाही.

देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. २०२३ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला, पाच वर्षांत ५०,००० कोटी असं सांगितलं गेलं. त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून येणार होते. कोणती कंपनी लालबागच्या म्हातारीच्या हाडांवर पैसे लावणार आहे? २०२२ मध्ये वैज्ञानिक उपकरणांवरचा जीएसटी ५ वरून १८ टक्क्यांवर नेला. २०२४ च्या जुलैत लॅबच्या रसायनांवर १५० टक्के सीमाशुल्क लावलं आणि ओरडा झाल्यावर काही दिवसांत मागे घेतलं. ज्यानं ते लिहिलं त्यानं कधी लॅबमध्ये पाय ठेवला होता का? राज्यातही तेच. लाडकी बहीण योजना ६५ व्या वर्षी थांबते. दुखणी तिथून वाढतात.

माहिती मात्र आपल्याकडे आहे, आणि तीच गोष्ट मला जास्त जाळते. याच मुंबईत, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं लासी हा पाहणी-अभ्यास चालवला, ४५ वर्षांपुढच्या ७२,००० हून अधिक माणसांचा. त्याच्याच स्मृतिभ्रंशाच्या भागातून दिसलं, की साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख. बायकांत ९ टक्के, पुरुषांत ५.८. या तफावतीत शाळा न मिळाल्याचा वाटा किती, हार्मोनचा किती, आयुष्यभराच्या कुपोषणाचा किती? हे उलगडणारी माणसं हवीत, आणि नेमकी तीच घडवणारं प्रशिक्षण तुम्ही थांबवलंत. परदेशी लोक आपल्याच बायकांच्या आकड्यांवर निबंध लिहितील, आणि आम्ही ते वाचून आपल्याच आत्यांना समजावू.

आता मागण्या. प्रशिक्षणाची नवी तारीख जाहीर करा आणि ज्यांचे तिकिटांचे पैसे बुडाले त्यांना ते परत द्या. थकलेली फेलोशिप या महिन्यात खात्यात जमा करा. वृद्धत्वावरच्या प्रकल्पांना सलग पाच वर्षांची मंजुरी द्या, कारण उंदीर आणि माणसं दोघंही आर्थिक वर्ष बघून म्हातारी होत नाहीत. सरकारी पैशांवरच्या प्रत्येक अभ्यासात स्त्री आणि पुरुषांचे निष्कर्ष वेगळे मांडणं सक्तीचं करा. तसं न करायचं झालं तर कारण लेखी मागा.

उत्तर दोन ओळींचं चालेल. फक्त त्यावर सही असू द्या, आणि तारीख.

आपली,
मुंबईतली एक संशोधक विद्यार्थिनी