आजीच्या मापाचा श्वास

हॅमिल्टन, ओंटारिओ
१० नोव्हेंबर २०२४

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फराळाचा डबा गुरुवारी पोचला. कडबोळी शाबूत होती. करंज्यांचा चुरा झाला होता, तो मी वाटीत काढून चमच्याने खाल्ला. इथे पानगळ संपली, पाच वाजताच काळोख पडतो. तुमची झोडणी उरकली का? पावसाने पेंढा भिजला म्हणत होतात.

बाबा, दिवाळीत फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथे तू पेशंट तपासतेस की नुसत्या वह्या भरतेस?" मी ड्युटीवर निघाले होते, दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळी झाले. पण प्रश्न रास्त होता. कर्ज काढून तुम्ही मला डॉक्टर केलंत ते माणसं बरी करायला. आज रविवार आहे, सावकाश लिहिते.

महिन्यातला एक आठवडा मी आयसीयूत असते, रात्रंदिवस. बाकीचे तीन आठवडे संशोधन. त्या तीन आठवड्यांत मी मोजते: कुणाचं व्हेंटिलेटर कितव्या दिवशी निघालं, कुणाला पुन्हा लावावं लागलं, तीन महिन्यांनी कोण घरी आहे, कोण नाही. म्हणजे तुमच्या भाषेत वह्याच.

आजीचे ते अकरा दिवस आठवा. २००८ चा ऑगस्ट, मी बारावीत होते. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरलेला. आपण सगळे काचेच्या दाराबाहेर. मशीनने आजीची छाती वर आली की आत्या म्हणायची, "बघ, कसा भरभरून श्वास घेतेय." मलाही वाटायचं, छाती जितकी वर येईल तितकी आजी बरी होईल. डॉक्टरांनाही कित्येक वर्षं तसंच वाटत आलं होतं. अशा रुग्णांना दर श्वासाला किलोमागे १० ते १५ मिलि हवा द्यायची रीतच होती.

मग अमेरिकेत ८६१ रुग्णांवर एक अभ्यास झाला, त्याचा निकाल २००० साली आला. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले: एका गटाला किलोमागे १२ मिलि, दुसऱ्याला फक्त ६. जास्त हवा मिळालेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के दगावले, कमी मिळालेल्यांपैकी ३१ टक्के. कारण कळायला सोपं आहे. सुजलेल्या, पाणी भरलेल्या फुप्फुसात चालू भाग थोडासाच उरतो. दिलेली सगळी हवा त्या एवढ्याशा भागात घुसते आणि तोही ताणून फाडते.

पण मला त्यातली दुसरीच गोष्ट सोडत नाही. पहिल्या काही दिवसांत ६ मिलिवाल्यांच्या रक्तातल्या ऑक्सिजनचे आकडे १२ वाल्यांपेक्षा वाईट होते. म्हणजे खाटेशेजारी उभा असलेला चांगला, कळकळीचा डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणणार, हवा वाढवा. आणि त्याचा पेशंट आज बरा दिसून पुढच्या आठवड्यात जाणार. बाबा, हे खाटेशेजारी उभं राहून कुणालाच दिसलं नसतं, कितीही हुशार असला तरी. ८६१ माणसं ओळीने मोजली तेव्हाच ते दिसलं.

यातले किलो काट्यावरचे नव्हेत, ते उंचीवरून काढायचे असतात, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही. आजी चार फूट दहा इंच. तिच्या मापाचा श्वास निघतो जेमतेम अडीचशे मिलि. आई, तुझं दुधाचं पाव लिटरचं माप असतं ना, तेवढा. १२ च्या हिशेबाने तो अर्धा लिटर झाला असता. आजीला किती दिला जात होता ते मला ठाऊक नाही, आणि तेव्हाच्या डॉक्टरांना मी दोषही देत नाही. पण आजही बुटक्या बाईच्या खाटेशी गेले की मी आधी टेप काढते आणि टाचेपासून डोक्यापर्यंत स्वतः मोजते. इथल्या नर्सबायांना ते पाठ झालंय.

रक्ताचंही तसंच. आजीचं हिमोग्लोबिन ८ वर आलं म्हणून दोन बाटल्या आणायला सांगितल्या, आणि तुम्ही नि काका भर पावसात रात्री पनवेलपर्यंत गेलात. १९९९ साली कॅनडातल्याच डॉक्टरांनी ८३८ रुग्णांत तपासलं होतं: हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की लगेच रक्त द्यावं, की ७ पर्यंत थांबावं? थांबलेल्यांचं काहीच वाईट झालं नाही. जे ५५ वर्षांच्या आतले किंवा कमी अत्यवस्थ होते, त्यांच्यात तर मृत्यूही कमी झाले. हृदयाचा झटका आलेल्यांची गोष्ट वेगळी, पण आजीचं हृदय धडधाकट होतं. तुमची ती रात्र वाया गेली असं मी म्हणणार नाही. तुम्ही गेलात ते तुमच्या आईसाठी गेलात.

या कामातलं अवघड काय, तेही सांगते. मागे एकदा रात्री अडीच वाजता मी एका पंजाबी गृहस्थांसमोर बसले होते. वय तुमच्याएवढं, बायको व्हेंटिलेटरवर. व्हेंटिलेटर काढण्याआधी माणूस स्वतः श्वास घेऊ शकतो का याची परीक्षा घेतात. तिच्या दोन पद्धती आहेत, दोन्ही रोजच्या वापरातल्या. यातली कोणती बरी ते शोधण्यासाठी तुमच्या पत्नीला अभ्यासात घेऊ का, असं मी हिंदीतून विचारत होते. ते म्हणाले, "बेटा, तुम इतना पढ़ी हो, तुमको नहीं पता?" मी म्हटलं, "नहीं पता, अंकलजी. किसी को नहीं पता." ते बराच वेळ बूट बघत बसले. मग नाही म्हणाले. मी त्यांना चहा आणून दिला. त्या रात्री आणि पुढेही त्यांच्या पत्नीची देखभाल तीच झाली जी बाकी सगळ्यांची होते. नकार दिल्याने उपचारात कसर होत नाही, हे मी प्रत्येकाला आधी सांगते आणि ते पाळते.

तुम्हाला हे परकं वाटायला नको, बाबा. धाकट्या काकांना भाऱ्याखालच्या लाल विंचवाने नांगी मारली तेव्हा सरकारी दवाखान्यात त्यांना एक गोळी दिली आणि सकाळी ते घरी आले. ती गोळी प्राझोसिन, मुळात रक्तदाबाची. विंचवावर ती चालते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं. १९७६ साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. घाम, गार पडलेले हातपाय, मग छातीत पाणी भरून तोंडाला फेस, अशी माणसं त्यांच्यासमोर जात होती. ते पेशंटजवळ बसून नाडी, रक्तदाब, लक्षणं लिहून काढत राहिले. १९८२ साली त्यांची निरीक्षणं लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पूर्वी जिथे ४० टक्के जायचे, तिथे या गोळीनंतर ते प्रमाण एका टक्क्यावर आलं. काका त्या वह्यांमुळे घरी आले. कॅनडात कुणी विचारलं, तू या वाटेला कशी आलीस, तर मी महाडपासून सुरुवात करते.

आई, हे तुझ्यासाठी. शेवटच्या दिवशी तुला आजीच्या तोंडात तुळशीपत्र ठेवायचं होतं आणि आत जाऊ दिलं नाही, हे तू आजही मनात धरून आहेस. माझ्याही मनात आहे. इथल्याच मॅकमास्टर विद्यापीठाच्या डॉ. डेबोरा कुक यांनी आयसीयूत एक प्रथा सुरू केली: माणूस वाचणार नाही असं कळलं की त्याच्या घरच्यांना तीन इच्छा विचारायच्या आणि पुऱ्या करायच्या. कुणाला आवडतं गाणं ऐकवायचं असतं, कुणाला घरचा कुत्रा भेटवायचा असतो. त्यांनी तेही नुसतं चांगुलपणावर सोडलं नाही. पहिल्या ४० जणांचं नीट टिपून ठेवलं, घरच्यांशी आणि नर्सेसशी बोलून २०१५ साली छापलं. म्हणून दुसऱ्या रुग्णालयांनाही ते करता आलं. माझ्या पाळीत अशी वेळ आली की मी घरच्यांना विचारते, तोंडात काही घालायचं असतं का तुमच्यात? तुळशीची कुंडी माझ्या खिडकीत आहे. थंडीत जगवायला जड जातं, पण जगलीये.

बुधवारी तुळशीचं लग्न ना? ऊस मिळाला का?

बाबा, रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायला सांगितलं होतं. वेळही लिहा, आणि मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसत जा. गोठ्यातून आल्या आल्या मोजू नका. रविवारी पानांचे फोटो काढायला दादाला सांगा, मी वाट बघते.

तुमची लाडकी,
शुभा