वर्ष तेवढं पुरं कर

चि. स्नेहल,

अनेक आशीर्वाद.

कांदा-लसणाची चटणी, भडंग आणि हे पत्र मागच्या गल्लीतल्या काकांबरोबर पाठवतोय. त्यांची गाडी चाकणात येणार नाही, ते नाशिक फाट्याला उतरणार आहेत, तिथं जाऊन घे. डबा मेसमध्ये सगळ्यांसमोर उघडू नकोस, दोन दिवस पुरायचा नाही.

परवाच्या फोनबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. "पप्पा, तुम्हाला आत्ताचं काही कळत नाही," असं म्हणून तू ठेवलास. राहू दे. तुझ्या वयात मी आजोबांना याच्यापेक्षा वाईट बोललोय, आत्याला विचार. ते सगळं सोडून इकडची हकीकत लिहायची म्हणून पॅड घेतलं. पाऊस बरा आहे. पंचगंगा अजून पात्रात आहे. धाकट्याचं गणिताचं पुस्तक पुन्हा हरवलंय. आईचा गुडघा आहे तसाच.

पण पाचच महिने राहिलेत गं. अ‍ॅप्रेंटिसचा वर्षाचा करार, त्यातलं निम्म्यावर तू काढलंस आणि आता सोडायचं म्हणतेस.

तुझं म्हणणं मी ऐकलं नाही असं नाही. आयटीआयची दोन वर्षं घासून मशिनिस्ट झालीस, चांगल्या मार्कांनी पास झालीस, आणि कंपनीत गेल्यावर हातात काय, तर कानस आणि ट्रॉली. व्हीएमसीला, त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनला, हात लावू देत नाहीत. स्टायपेंडमध्ये खोलीचं भाडं आणि मेस भागवली की महिनाअखेर काही उरत नाही. सरकारनं २०१९ साली तुमच्या दर्जाला किमान ७,००० ठरवले, तुमची कंपनी वर थोडं घालते म्हणून निदान भाजी तरी येते. आणि तुझ्याच खोलीतली मुलगी गोडाऊनला पार्सलं स्कॅन करून १८,००० घेते. तिला ना ड्रॉइंग वाचता येतं, ना मापाचं व्हर्नियर. हे डोळ्यांसमोर रोज बघायचं म्हणजे राग येणारच. मलाही आला असता.

मी उद्यमनगरात लागलो तेव्हा मला आयटीआय वगैरे काही नव्हतं. दहावीनंतर आजोबांनी सरळ वस्तादांच्या लेथवर नेऊन उभं केलं. आल्या आल्या हातात झाडू. लेथखालचा लोखंडाचा कीस गोळा करायचा आणि पोत्यात भरायचा. वस्ताद तोंडातनं शब्द काढायचे नाहीत. माप सगळं सुतात, इंचाला आठ सूत. मिलिमीटर म्हटलं की म्हणायचे, "ते साहेबाला सांग." मला वाटायचं, ह्यांना फुकटचा झाडूवाला पाहिजे होता. आणि खरं सांगायचं तर पाहिजे होताच. पण कीस रोज हातात यायला लागला तसा तो वाचता यायला लागला. निळा पडून आला की समजायचं, स्पीड जास्त झाला, टूल पेटतंय. दोरीसारखा लांबच्या लांब निघून जॉबला, म्हणजे लावलेल्या तुकड्याला, गुंडाळायला लागला की फीड, टूल पुढं सरकायचा वेग, कमी तरी पडलाय नाहीतर टूलचा कोन बिघडलाय. पुढं पुढं वस्ताद दुसऱ्या टोकाला उभे असले तरी मी खाली बघून सांगायचो की आता टूलला धार लावायला पाहिजे. एकदा ते वळून नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"वर मी आठवडाभर उडत होतो.

आता हे वाचून तू म्हणशील, झाली पप्पांची गोष्ट सुरू. बरं, थांबतो.

पण कानशीचं एवढं ऐक. तू टूलरूममध्ये आहेस, प्रॉडक्शन लाइनवर नाहीस. डाय, म्हणजे पार्ट घडवायचा साचा, मशीनवरनं उतरली म्हणजे झाली असं नसतं, तुला माहीत आहे. दोन भाग एकमेकांवर बसवताना निळा रंग लावून बघतात, जिथं डाग उठतो तिथं हातानं घासतात, पुन्हा निळा, पुन्हा घासणं. शेवटचे दहा-वीस मायक्रॉन हातानंच काढायचे असतात. ज्याला ते जमतं त्याच्याकडं आमच्या इथले मालकसुद्धा "मिस्त्री, जरा बघता का" म्हणून येतात, हुकूम सोडत नाहीत. मग ती कानस तुझ्या हातात कोणी शिक्षा म्हणून दिली की शिकवायला म्हणून दिली, याचा जरा विचार कर.

ट्रॉलीचं मात्र तुझं बरोबर आहे. दिवसभर ट्रॉली ओढणं म्हणजे शिक्षण नव्हे, आणि ते मुकाट्यानं सोसायचं असं मी म्हणणार नाही. अ‍ॅप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे. कंपनीनं तुला ट्रेड शिकवायचा आहे, हमालीला घेतलेलं नाही. रोजच्या कामाची वही भरतेस ना? "हेल्पिंग" असं एका शब्दात उरकू नकोस. कोणत्या मशीनवर, काय काम, ट्रॉली किती तास, सगळं खरं लिही आणि आठवड्याला सुपरवायझरची सही घे. सही करताना त्यालाच लाज वाटेल. नाही वाटली तर बीटीआरआयच्या, म्हणजे अ‍ॅप्रेंटिसचं बघणाऱ्या सरकारी केंद्राच्या, सरांकडं ती वही घेऊन जा. भांडायला जाऊ नकोस, नुसती वही पुढं ठेव. आणि पाळी बदलताना पंधरा मिनिटं थांबत जा. मशीन लावून देणारे सेटर लोक त्याच वेळी बोलतात. हा ऑफसेट, टूलच्या मापाचा आकडा, का बदलला, पहिला पीस मोजून काय आला, जॉब न कापता ड्राय रन घेतला का, हे सगळं त्या पंधरा मिनिटांत फुकट मिळतं. गाडी चुकेल म्हणशील. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तशीही ती अडकलेलीच असते.

लेक्चर झालं. माफ कर. आई आतनं ओरडतेय की पत्र लिहिताय की परिपत्रक.

तुला सांगितलं नव्हतं, तू मागे तो जॉब धरायच्या फिक्स्चरचा फोटो पाठवलास ना, तो मी शॉपवर दाखवला. मालकांनी माझा मोबाईल घेतला आणि सगळ्यांना फिरवला. "हे पोरीनं केलंय?" असं दोघातिघांनी विचारलं. मी म्हटलं, ड्रॉइंगपण तिनंच वाचलंय. मला अजून जॉमेट्रिकल टॉलरन्सची ती चौकटीतली चिन्हं नीट लागत नाहीत, काचेजवळ धरून मालकांना विचारावं लागतं. तू सुट्टीत आलीस तेव्हा चहा पिता पिता मला समजावून सांगितलंस, आठवतं? मी मान हलवत होतो, निम्मं डोक्यावरनं गेलं. पण वाटलं, वस्ताद आज असते तर ह्या पोरीनं त्यांना मिलिमीटर शिकवला असता.

म्हणून म्हणतो, पाच महिने. पाचच.

संजूदादाचं तू बघितलंयस. त्याचंपण असंच झालं होतं. अ‍ॅप्रेंटिस अर्ध्यावर सोडली, कारण ठेकेदाराकडं दुप्पट मिळत होते. सात महिने काम, मग ब्रेक, कारण २४० दिवस भरले की कामगाराला हक्क सांगता येतो, म्हणून ते भरू द्यायचे नसतात. मग दुसरा ठेकेदार, दुसरी कंपनी, पुन्हा सात महिने. गेटवर दरवेळी नवा पास, नवा नंबर. हुशार नाही असं म्हणशील तर तो माझ्यापेक्षा हुशार आहे. पण कोणी विचारलं "काय येतं?" तर दाखवायला काही नाही. परवा वास्तुशांतीला भेटला तर तुझी चौकशी करत होता. म्हणाला, "काका, तिला सांगा, सुरुवातीचा पैसा लई गोड लागतो." मी काही बोललो नाही. त्याच्या आईसमोर काय बोलणार?

आणि गोडाऊनला रात्रपाळी असते. कंपनीची गाडी सोडते म्हणालीस, पण गाडी मेन रोडला सोडते, तिथनं खोली किती लांब? हे मी विचारलं तेव्हाच तू चिडलीस. बरं, विचारत नाही. अंतर तेवढं कळव.

आमचे आजोबा वाडीला होते, फौंड्रीत. वाडी म्हणजे किर्लोस्करवाडी, आमच्या घरात दुसरी वाडीच नव्हती. रविवारी दाढी करता करता ते लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या गोष्टी सांगायचे. मुंबईला व्हीजेटीआय या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत ड्रॉइंग शिकवायचे, बढती डावलली म्हणून बाहेर पडले, बेळगावात सायकलींचं दुकान टाकलं. मग लोखंडी नांगर काढला तर शेतकरी घेईनात, लोखंडानं जमिनीत विष उतरतं म्हणून. तरी ते खपेपर्यंत धीर धरला, आणि १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर, निवडुंगात आणि सापांत, कारखाना उभा केला. मी ही गोष्ट चिकाटीसाठी सांगायला घेतली आणि लिहिता लिहिता लक्षात आलं, तू म्हणणार, "बघा, त्यांनीपण नोकरी सोडलीच की!" सोडली. पण ड्रॉइंग हातात पक्कं बसल्यावर सोडली गं. दुसऱ्याला शिकवण्याइतकं. तू पण तेवढं बसव, मग सोड काय सोडायचं ते. मी अडवणार नाही. अडवीन कदाचित, पण आवाज चढवणार नाही.

आता एक गोष्ट सरळच विचारतो. हे सगळं आईच्या गुडघ्यासाठी चाललंय का? कारण गेल्या महिन्यात तुला खर्चाचा आकडा कोणीतरी सांगितला, धाकट्यानंच सांगितला असणार, आणि त्यानंतरच हे गोडाऊनचं निघालं. मी काही बोललो नाही, पण तारखा मला जुळवता येतात. तसं असेल तर ते डोक्यातनं काढ. ईएसआयची, कामगार विम्याची, चिठ्ठी झाली आहे, डॉक्टरांनी पुढची तारीख दिली आहे. फिरावं लागतं, रांग असते, पण होईल. मी आणि आई अजून आहोत. तू आमचा भार उचलायला एवढी घाई करू नकोस. हे लिहिताना बरं वाटलं, तसं थोडं वाईटपण वाटलं. कुठल्या बापाला वाटणार नाही?

तू विचारशील, वर्ष पुरं केल्यावर कंपनी घेईल का? घेईलच असं नाही. कायद्यानं त्यांच्यावर तसं बंधन नाही, तुला खोटं कशाला सांगू. पण परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट आलं तर ते तुझं, कंपनीचं नाही. चाकण नाही तर भोसरी, भोसरी नाही तर आमची शिरोली. आणि आयटीआयवरनं डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ते डोक्यात ठेव. औरंगाबादला, आता संभाजीनगर म्हणायचं, तिथल्या इंडो-जर्मन टूल रूममध्येही कोर्स असतात, आमच्या मालकांचा पुतण्या तिथं शिकला. फीचं आत्ता विचारू नकोस. बघू.

ताईच्या हप्त्याचं मिटलं. शिरोळच्या आत्यानं तुझ्यासाठी स्थळ आणलं होतं, मुलगा बँकेत आहे. आईनं चहा पाजून परत पाठवलं, म्हणाली पोरगी अजून शिकतेय. मी आत बसून ऐकत होतो. आईनं एवढं ठामपणे "शिकतेय" म्हटलं, आणि तू शिकणं सोडायला निघालीस. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. खोडत नाही, पॅडची पानं संपत आली आहेत.

केस बांधून टोपीत घालतेस ना? आणि फिरत्या मशीनजवळ हातमोजे नाही घालायचे, कितीही थंडी वाजली तरी. तुला माहीत आहे, मला माहीत आहे की तुला माहीत आहे. तरीपण.

डब्यातली चटणी वरनं तेल सोडेल, ती खराब झाली असं समजून टाकू नकोस. परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा ते ट्रेनिंगच्या साहेबांना विचारून कळव, फी लागली तर मालकांकडनं उचल घेता येईल. रविवारी सकाळी फोन कर, मी घरी असेन, आईशी आधी बोल, मग माझ्याशी. आणि त्या गोडाऊनच्या माणसाला अजून होकार दिला नाहीस ना, तेवढं मात्र काकांकडनं डबा घेतलास की लगेच मेसेजवर सांग, रविवारपर्यंत थांबू नकोस.

तुझे,
पप्पा